मेरेताचा उजवा हात

"विरोधात कोणी असेल तर त्यानंही असाच हात वर करावा," असं बिशप टिबेट्स म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता बाकावरची टोपी उचलायला वाकले.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. एलिममध्ये चार वर्षांत हा प्रश्न शंभरदा तरी विचारला गेला असेल, पण त्याला उत्तर म्हणून कधी माशीसुद्धा उडाली नव्हती. आमच्या मंडळींत काहीही ठरवायचं तर रीत एकच. आधी 'बाजूनं कोण' विचारायचं, की सगळ्यांचे उजवे हात वर, बायकांचेसुद्धा. मग 'विरोधात कोण' विचारायचं, की सगळ्यांच्या नजरा आपापल्या बुटांवर. त्या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळात मी माझ्या तान्हीचं नाक पुसून घ्यायची. तेवढाच वेळ असायचा.

बिशप टोपी घेऊन सरळ झाले आणि ती हातातच राहिली. फांद्यांच्या मांडवात, तिसऱ्या बाकावर, माझ्या अगदी शेजारी एक हात वर होता. रुंद, उन्हानं भाजलेला, नखांत लाल माती. आमच्या थोरलीचा.

मी तिचा झगा ओढला. "अहो थोरल्या, हा दुसरा प्रश्न आहे! हात खाली घ्या!"

"मला प्रश्न कळलाय, धाकटे," ती म्हणाली. हात तसाच.

माझी नातवंडं म्हणतात, आजीच्या गोष्टीतलं निम्मं वजा करावं आणि उरलेलं चाळणीतून काढावं. खुशाल काढा. आमच्याकडे वारा असा होता की शेजाऱ्यांनी पेरलेली मुळ्याची बी आमच्या परसात उगवायची, आणि तीही ओळीत, हे तुम्ही चाळून टाकलंत तरी मला राग नाही. पण तो हात वर होता. त्या दिवशी मांडवात बसलेल्या कोणालाही विचारा.

थोरली म्हणजे मेरेता. मी धाकटी, केझाया. आमचा दोघींचा नवरा एकच, असाहेल ब्रॉकबी, आणि तोही त्या वेळी गावात नव्हता. मंडळीकडून त्याला बोलावणं आलं होतं की वेल्सला जाऊन धर्माचा प्रचार कर. गेल्याला वर्ष झालं होतं. वेल्स हे माझं माहेर. म्हणजे नवरा माझ्या माहेरी पाहुणचार घेतोय आणि मी इथे वाळवंटात त्याच्या सवतीबरोबर वाफे काढतेय. माझ्या म्हणजे, त्याच्या नव्हे. असं होतं माझं, रागावले की सवत कोणाची तेही विसरते.

सवती म्हटलं की लोकांना झिंज्या आठवतात. आमचं भांडण व्हायचं, पण एकतर्फी. मी बोलायची आणि ती दळायची. डेन्मार्कची बाई. बोलायला शब्द कमी म्हणून नव्हे, तिला ते खर्च करायचे नसत म्हणून. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, मूलबाळ नाही, आणि माझी तान्ही रडली की माझ्या आधी तीच उठायची.

"बहीण मेरेता," बिशप घसा खाकरून म्हणाले, "बाजूनं म्हणजे आपण सगळ्यांनी एलिम सोडायचं. विरोधात म्हणजे—"

"राहायचं."

"आणि राहायचं का?"

मेरेता उभी राहिली. मांडवात साठ-सत्तर माणसं. तिला एवढ्यांसमोर बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"माझ्या झाडाला पीच लागलेत," ती म्हणाली आणि खाली बसली.

अख्खा मांडव हसला. पाटकरी पेलाटिया गॉफ तर इतके हसले की त्यांच्या बाकाचा पाय मोडला. बरं, नाही मोडला. पण कुरकुरला.

मी हसले नाही. मला ठाऊक होतं.

मेरेता बोटीनं या देशात आली आणि पुढचे शेकडो कोस सामानाची हातगाडी ओढत. पहिल्या गावी तिनं सफरचंदं लावली. फुलं धरली आणि बोलावणं आलं, दक्षिणेला नवं गाव वसवायचंय, निघा. दुसऱ्या गावी जर्दाळू. झाडं खांद्याएवढी झाली आणि पुन्हा बोलावणं. तिसऱ्या गावी पीच. तिथून निघालो तेव्हा मीही होते, नवी नवरी. गाडी वळणावर आली तेव्हा ती मागे बघत नव्हती, मीच बघत होते. पुढच्या वर्षी एक भांडी विकणारा तिकडून आला. म्हणाला, त्या गावचे पीच काय सांगू, रस कोपरापर्यंत ओघळतो. तिनं त्याला बसायला दिलं. चहाऐवजी आम्ही जो पाला उकळून पितो तो दिला, भाकरी दिली. मग दोन दिवस स्वतः जेवली नाही.

तिच्या कमरेला एक कापडी पिशवी असायची. कोयांची. प्रवासात कोणाकडे फळ खाल्लेलं दिसलं की ती कोय मागून घ्यायची. पुढच्या गावासाठी. म्हणजे बघा, चार गावांत झाडं लावली, पण स्वतः लावलेल्या झाडाचं एक फळ तिनं तोंडात घातलं नव्हतं. वय बेचाळीस. आणि आता एलिममधल्या तिच्या चार झाडांपैकी एकावर हिरवे, सुपारीएवढे पीच लटकत होते आणि गाव निघालं होतं.

गाव निघालं होतं ते नदीमुळे. नकाशावर तिला एका संताचं नाव आहे, आम्ही तिला लबाडच म्हणायचो. दहा महिने ती अशी वाहायची की कोंबडीनं चोच बुडवली तर तळ लागावा. पाणी बादलीत भरलं की वर वीतभर पाणी आणि खाली अर्धा वाफा. आणि मनात आलं की एका दुपारी उठायची आणि आमचा बंधारा घेऊन जायची. बंधारा गेला की पाट कोरडा, पाट कोरडा की मका, कापूस, काकवीचा ऊस, सगळं पंधरा दिवसांत वाळून कोळसा. चार वर्षांत सहा बंधारे तिनं खाल्ले.

सातवा मात्र आमच्याच तोंडानं गेला. त्या वसंतात नदी अगदीच आटली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आमचा उपवासाचा दिवस असतो. बिशप म्हणाले, सगळ्यांनी एका मनानं पाऊस मागू या. लहानमोठे सगळे उपाशी, सगळे गुडघ्यावर. मीही मागितला, आणि मी मागायला लागले की मन लावून मागते. फक्त एक राहिलं. 'बेतानं' असं कोणीच म्हटलं नाही. 'आमेन' म्हणून उठलो, गुडघे झटकले, आणि वरच्या डोंगरावर असा पाऊस कोसळला की संध्याकाळच्या भाकरीआधी बंधारा, पाटाचं लाकडी दार आणि लोव्हायना गॉफची वाळत घातलेली तीन पोलकी दिसेनाशी झाली.

"इतकं कसून मागायला नको होतं," बिशप काठावर उभे राहून म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून कोणाला हसू आलं नाही.

मंडळीच्या वरिष्ठांकडून आधीच पत्र येऊन पडलं होतं, की ज्या गावांना निभत नसेल त्यांना मोकळीक आहे, त्यांचा मान जाणार नाही. म्हणून रविवारी मांडवात हात वर झाले. आणि एक चुकीच्या वेळी झाला.

बिशप टिबेट्स सरळ माणूस. पुढे काय करायचं हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं. टोपी गोल गोल फिरवत शेवटी म्हणाले, "आपण काहीही करतो ते एका मनानं करतो. इथे मन एक नाही. पुढच्या उपवासाच्या दिवशी पुन्हा विचारीन. तोवर सामान बांधायचं त्यानं बांधावं, पण कोणी निघायचं नाही. आणि बंधू पेलाटिया, तुम्ही बहीण मेरेताची समजूत घाला."

पेलाटिया गॉफ सोमवारीच आले. पाणी वाटायचं काम त्यांचं, सातही बंधारे त्यांनीच बांधलेले. आम्ही दोघी कावडीनं नदीचं पाणी आणून झाडांना घालत होतो. मी मघापासून बडबडत होते की माझा खांदा गेला.

"बाई," ते कुंपणाला टेकून म्हणाले, "तुम्हाला पीच हवेत ना? नव्या गावी मी स्वतः तुम्हाला दोन रोपं लावून देतो."

"पाचवं गाव," मेरेता म्हणाली आणि बादली ओतली.

"नदीशी कोणी जिंकलंय का? शेवटचा बंधारा मी दोन पुरुष उंच बांधला होता. अख्खी झाडं, हे एवढाले दगड. भिंत होती भिंत!"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

मेरेतानं कावड खाली ठेवली. "तुम्ही तिच्यासमोर उभे राहता. ती ढकलते. उभं नाही राहायचं."

"मग काय करायचं?"

"निजायचं."

पेलाटियांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. "माझ्याकडे काय बघता? मला तर अजून झोपायलाच सांगत नाही ती."

मग तिनं सांगितलं, आणि तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं तेच असेल. तिच्या माहेरी समुद्र जमीन खातो. तिचा बाप किनाऱ्यावर कामाला होता. ते लोक समुद्रापुढे भिंत बांधत नसत. विलो हे पाण्याकाठचं लवचीक झाड, त्याच्या ओल्या फांद्यांच्या मोठमोठ्या चटया विणायचे, पाण्यात अंथरायचे, वर दगड ठेवायचे. पाणी वरून यायचं, वरून जायचं. जाताना त्यातला गाळ चटईत अडकायचा. चटई जड व्हायची. वर दुसरी चटई, पुन्हा गाळ. "बाप म्हणायचा, आपण थोडं करायचं. बाकीचं समुद्र करतो."

"म्हणजे नदीनंच बंधारा बांधायचा?"

"तिच्याकडे चिखल खूप आहे," मेरेता म्हणाली.

पेलाटिया घरी जाऊन बायकोला म्हणाले असणार की ब्रॉकबीच्या थोरलीला ऊन लागलं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी लोव्हायना आमच्या दारात. बायकांच्या मंडळाची ती मुख्य. हातात ताकाचं भांडं, डोळ्यांत चौकशी.

"बरं वाटतंय ना मेरेताला?"

"ती नदीवर आहे, फांद्या तोडतेय," मी म्हटलं. "पण चटई विणणार कशावर? एवढी रुंद चौकट कुठून आणायची, ते तिला सुचत नाहीये."

मी हे अगदी साधेपणानं म्हटलं. माझ्या मनात काही नव्हतं. चाळणी घ्या, चाळा. असेल थोडं.

कारण अख्ख्या एलिमला ठाऊक होतं की तशी चौकट एकच ठिकाणी होती. मंडळाच्या खोलीत, गोधड्या शिवायची. एका वेळी दहा बायका बसतील एवढी, आणि तशा तीन. त्या वेळी त्यातल्या एकीवर बिशपबाईंची गोधडी ताणलेली होती, निम्मी टाचून झालेली.

लोव्हायनानं ताकाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाली, "माझी तीन पोलकी नेलीत त्या सटवीनं."

"कोणी, मेरेतानं?"

"नदीनं गं!" भांडं माझ्या हातात कोंबून ती गेली.

दुपारी तीनही चौकटी नदीकाठी होत्या. बिशपबाईंची निम्मी गोधडी घडी घालून दगडावर. पहिल्या दिवशी आम्ही सहा जणी, तिसऱ्या दिवशी एकवीस. गोधडीला बसतो तशाच बसलो, समोरासमोर. सुईऐवजी विलोच्या ओल्या काठ्या, दोऱ्याऐवजी चामड्याच्या पट्ट्या. तोंडं मात्र तीच. कोणाचं दूध नासलं, कोणाची सून उद्धट, सगळं त्या चटईत विणलं गेलं. मी आजही म्हणते, तो बंधारा टिकला तो फांद्यांनी नव्हे, त्यात गुंतलेल्या चहाड्यांनी.

मेरेता आमच्यामधून फिरायची. सैल दिसलं की बोटानं दाखवायची. "इथे." ते उसवून पुन्हा करायचं. मला तिनं चारदा उसवायला लावलं.

"सवतीचा सूड घेताय," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. आणि बायका इतक्या हसल्या की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. तिनं विनोद केलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग मीही पाचव्यांदा उसवलं.

पुरुष आधी काठावर येऊन उभे राहायचे. खिशात हात. 'चटई कुठल्या खोलीत घालणार' वगैरे. पण चटया पाण्यापर्यंत न्यायला ओढणारे लागतात, दगड आणायला गाड्या लागतात. आणि गाड्या तयारच होत्या, जुंपून, सामान भरायला. एकानं आपली गाडी दगडाला दिली, कारण त्याची बायको चौकटीवर होती आणि घरी भाकरी होत नव्हती. मग दुसऱ्यानं. गाव सोडून जायला वंगण घातलेली चाकं नदीवर खेपा घालायला लागली.

पेलाटिया दहाव्या दिवशी आले. खांद्यावर फावडं.

"मी फक्त बघायला आलोय," म्हणाले.

"फावड्यानं बघतात का?" मी विचारलं.

ते मेरेताकडे वळले. "तुमचा हा बंधारा गुडघ्याएवढा. पाणी वर चढणार नाही. पाटाचं तोंड उंच आहे."

"हो," मेरेता म्हणाली. "तोंड वर न्यावं लागेल. नदीच्या वरच्या अंगाला. तीनशे पावलं नवा पाट."

"तीनशे नाही, चारशे. मध्ये खडक आहे."

"चारशे," ती म्हणाली.

पेलाटियांनी कोट काढला, फांदीला अडकवला आणि खणायला लागले. तो कोट दोन आठवडे तिथेच होता. सुतार पक्ष्यानं खिशात घरटं केलं. बरं, करायला बघितलं.

आणि रोज संध्याकाळी, सगळं करून, मेरेता आणि मी कावड घेऊन झाडांना पाणी घालायचो. चार झाडं. तीन नुसती पानांची. चौथ्यावर अकरा पीच. आधी सतरा होते, सहा गळले. गळालेला प्रत्येक तिनं उचलून बघितला. एकदा मी म्हटलं, "थोरल्या, आणि बंधारा गेलाच तर?"

"तर मी हात खाली घेईन," ती म्हणाली.

उपवासाचा गुरुवार आला. सात चटया पाण्यात होत्या, एकावर एक, काठापासून काठापर्यंत, आणि वर दगड. पाटात पाणी आलं होतं, पण सुतासारखं. त्यावरून काही ठरत नव्हतं. लबाड नदी शांत असताना कोणाचाही बंधारा उभा असतो. निम्म्या घरांपुढे बांधलेल्या पेट्या.

मांडवात बिशप उभे राहिले. "मतं घेण्याआधी प्रार्थना. पण आज," त्यांनी बोट उगारलं, "आज कोणीही पाण्याचं नाव काढायचं नाही. ना मागायचं, ना नको म्हणायचं. मागच्या वेळी काय झालं ते लक्षात आहे."

त्या दिवसासारख्या प्रार्थना मी पुन्हा ऐकल्या नाहीत. एकानं गुडघेदुखीसाठी प्रार्थना केली. एकानं गाईच्या शेपटासाठी. लोव्हायनानं वेल्समधल्या आमच्या नवऱ्याला पायमोजे मिळोत म्हणून केली. सगळे त्या एका शब्दाभोवती असे फिरत होते, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं तसे. पोटं रिकामी, ऊन डोक्यावर, आमच्यावर आभाळ निळंशार.

आणि मला वास आला. ओल्या मातीचा. मी मेरेताकडे बघितलं. ती आधीच उठलेली होती. उत्तरेकडे, वरच्या पठारांवर आभाळ जांभळं होतं.

"मी नाही मागितला!" पेलाटिया ओरडले. "देवा, मी नाही!"

मग आवाज आला. गाड्यांचा तांडा पुलावरून जावा तसा. अख्खी मंडळी बाकं उलथवून नदीकडे पळाली, मी तान्हीला कडेवर घेऊन. आम्ही काठावर पोचलो आणि ती वळणावरून आली. लाल, घराएवढी उंच, पुढे झाडं, झाडांपुढे फेस. त्यात एक कोंबड्यांचं खुराडं होतं, आत कोंबडी होती आणि ती आमच्याकडे बघत होती. हे चाळू नका, हे खरं आहे.

बंधारा एका क्षणात दिसेनासा झाला. जिथे सात चटया होत्या तिथे नुसतं लाल पाणी आणि झाडांचे बुंधे. पेलाटियांनी टोपी काढली, पुरताना काढतात तशी. लोव्हायना माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी. बिशपबाई खाली बसल्या. मेरेता काठाच्या अगदी कडेला, हात एप्रनखाली. मी तिच्या जवळ गेले. तान्ही तिच्याकडे झेपावली, तर तिनं घेतली.

दोन-अडीच तास गेले. कोणी घरी गेलं नाही. उपवास कधी सुटला तेही कळलं नाही. पाणी आधी घराएवढं होतं, मग दाराएवढं, मग कमरेएवढं. झाडं, ओंडके वाहून गेले. मग पेलाटिया एकदम म्हणाले, "ती ओळ कसली आहे?"

नदीच्या अंगावर, या काठापासून त्या काठापर्यंत, एक सरळ ओळ होती. तिच्या अलीकडे पाणी संथ. तिथवर येत होतं, आणि तिथून खाली घसरत होतं, पाटीवरून पीठ घसरावं तसं गुळगुळीत. पेलाटिया बुटांसकट आत गेले. मांडीएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी पायानं चाचपलं. मग उडी मारली. पुन्हा मारली. जाडाजुडा, पन्नाशीचा माणूस नदीत उड्या मारत होता.

"जागचा हलला नाहीये!" ते ओरडले. "उलट वाढलाय! हातभर गाळ बसलाय वर! बाई, तिनं खरंच बांधला हो, तिनंच बांधला!"

आणि मग मागे, नव्या पाटाच्या तोंडाशी कोणीतरी किंचाळलं. पाट भरून वाहत होता. सुतासारखा नाही. काठोकाठ.

लोक रडत होते, एकमेकांना चिखलात पाडत होते. मी किती जणांच्या गळ्यात पडले ते सांगत नाही, असाहेलला कळायचं. बिशपांची टोपी नदीनं नेली होती. ते तसेच, गुडघाभर चिखलात, हात वर करून सगळ्यांना गप्प करायला लागले.

"आता मन एक आहे का बघू या! एलिममध्येच राहायचं, याच्या बाजूनं कोण?"

काय हात वर झाले म्हणून सांगू. काहींनी दोन्ही केले. ते रीतीत बसत नाही, पण बिशपांनी चालवून घेतलं.

"विरोधात कोणी असेल तर त्यानंही असाच हात वर करावा."

आणि या वेळी ते वाकले नाहीत. उचलायला टोपीच नव्हती. ते थांबले आणि सगळ्या गावानं एकदम मेरेताकडे बघितलं.

मेरेतानं तान्हीला माझ्याकडे दिलं. आणि उजवा हात वर केला.

मी पुटपुटले, "थोरल्या, आता तुमचं काय आहे हो?"

"आता काय, बहीण मेरेता?" बिशपांचा आवाज रडवेला झाला होता.

"गुरुवारी दुपारी तीन ते पाच आमची पाण्याची पाळी असते," मेरेता म्हणाली. "तीन वाजून गेलेत. मी जाऊ का?"

आधी कोणाला कळलंच नाही. मग लोव्हायना हसली आणि मग सगळा काठ. पाळी ठरवणारे पाटकरी पेलाटिया. ते पाण्यातून वर आले, विजारीतून चिखल गळतोय, आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"जा," म्हणाले. "आणि पाच ते सात माझी आहे. तीपण घ्या."

तिनं त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि निघाली. मी मागून. त्या दिवशी आम्ही दोघींनी चार तास दारं धरली. पाणी वाफ्यात शिरताना जो आवाज होतो ना, तहानलेलं जनावर पितं तसा, तो ऐकत. ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही. मी गप्प राहिले यावर विश्वास बसत नसेल तर लोव्हायनाला विचारा, ती कुंपणावरून बघत होती.

पीच ऑगस्टात पिकले. अकरा. आमच्यात दहावा हिस्सा देवाचा, म्हणून तिनं सगळ्यात मोठा काढून बिशपांकडे नेऊन दिला. "अहो, हा तरी स्वतः खा," ते म्हणाले. ती म्हणाली, "माझे दहा आहेत."

परत आली ती सरळ झाडाकडे. एक तोडला, एप्रनला पुसला, आणि पाटाच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी, लोव्हायना, पेलाटिया, सगळे कुंपणाशी उगाच काही काम असल्यासारखे. ती हळूहळू खात होती. मला राहवलं नाही.

"कसा आहे, थोरल्या?"

ती पाठमोरीच म्हणाली, "आंबट."

आणि कोयीला चिकटलेलं शेवटचं सूतसुद्धा दातानं काढलं.

मग कोय एप्रनला पुसली आणि सवयीनं कमरेच्या पिशवीत टाकली. चार पावलं चालली आणि थांबली. पिशवीची गाठ सोडायला तिला वेळ लागला, इतक्या वर्षांची गाठ. पाटाच्या काठावर तिनं पिशवी उलटी केली. सगळ्या कोया मातीत. बुटाच्या टोकानं त्यांच्यावर माती लोटली, फावड्यानं पाटाला एक लहान तोंड पाडलं, आणि पाणी तिकडे वळलं.

रिकामी पिशवी तिनं माझ्या हातात दिली.

"घे धाकटे. बटणं ठेव."